सांध्यावरचा हात

कोल्हापुरात पैलवानाचा अंगठा दुखावला, खांदा निखळला किंवा कंबरेत चमक भरली, तर दवाखान्याचा विचार त्याच्या मनात सगळ्यांत शेवटी येतो. आधी वस्ताद, मग तालमीतलाच एखादा जाणता, मग गावाकडचा हाडवैद्य, आणि इतक्यांनी हात टेकले की मग एक्स-रे. शिकलेली माणसे याला अडाणीपणा म्हणतात. मला तो अडाणीपणा वाटत नाही. ज्या माणसाने तुमच्या अंगाला वर्षानुवर्षे तेल चोळले आहे, त्याला तुमचा खांदा नेहमी कुठे असतो हे ठाऊक असते. डॉक्टर तो खांदा त्या दिवशी पहिल्यांदा बघत असतो.

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत कुस्ती शिकवली जाते हे सगळ्यांना माहीत असते. तिथे शरीरशास्त्रही शिकवले जाते, फक्त त्याला तसे कुणी म्हणत नाही. पहाटेची मेहनत संपली की धाकटी पोरे थोरल्यांचे अंग रगडतात. पोटरी, मांडी, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजू, खांद्याच्या पात्याखालची जागा. गोळा कुठला, शीर कुठली, सूज कुठली आणि हाड कुठे सुरू होते, हे बोटांना कळायला लागते. हौद्यातली लाल माती तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून मऊ केलेली, तरी तिच्यावर आपटलेले अंग मुका मार खातेच. मग आंबेहळद, रक्तबोळ आणि तुरटीचा गरम लेप. कुस्तीच्या शहरात सांध्यांचे जुने वैद्यक असे रोज लागणारे होते. राजर्षी शाहूंनी 1894 मध्ये कारभार हाती घेतल्यावर पंजाबापासून मल्ल बोलावले, तालमींना आश्रय दिला आणि 1912 मध्ये खासबागेचे मैदान उभे केले. एवढ्या अंगमेहनतीला तेवढेच हातही लागले असणार.

या हाताची वंशावळ लांबलचक आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर आणि निखळलेल्या सांध्यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. सांधा निखळण्याचे सहा प्रकार, हाड मोडण्याचे बारा. उपचाराच्या क्रिया चार: ओढणे, दाबणे, जागेवर आणणे, बांधणे. आंछन, पीडन, संक्षेप आणि बंधन ही त्यांची शास्त्रातली नावे. आजही खांदा बसवताना हाडवैद्य आणि अस्थिरोगतज्ज्ञ दोघेही याच क्रमाने जातात; फरक असतो तो भुलीचा. रोग्याला हलू न देता फळीवर बांधून निजवण्याची कपाटशयन नावाची रीतही तिथे आहे. मला सगळ्यांत मोलाची वाटते ती एक सूचना. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाही, फार आवळला तर सूज आणि वेदना वाढतात, कातडी पिकते. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्यामुळे हात काळा-निळा पडलेली आणि शेवटी तो गमावलेली मुले आजही आपल्या सरकारी रुग्णालयांत येतात. परंपरेच्या नावाने जे चालते त्यातले पुष्कळसे परंपरेच्या पोथीलाच मान्य नाही.

पोथी आणि हात यांची मध्येच कुठेतरी फारकत झाली. वैद्य नाडी आणि काढे यांच्याकडे वळले. हाडे मल्लांकडे, धनगरांकडे, न्हाव्यांकडे गेली. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने मानसोल्लास हा ग्रंथ रचला; त्यात मल्लांच्या खेळावर आणि त्यांच्या तयारीवर सविस्तर प्रकरण आहे. त्या काळात कोल्हापुरावर शिलाहारांचे राज्य होते. दक्षिणेत जेट्टी नावाची मल्लांची जातच होती. 1909 मध्ये एडगर थर्स्टनने दक्षिणेतल्या जातींवरच्या आपल्या ग्रंथात त्यांच्याबद्दल लिहिताना नोंदवले आहे की तेलुगू मुलखात हे लोक अंग रगडून आणि मलमे चोळून शिरांची दुखणी बरी करतात. कुस्ती आणि हाडवैद्यकी एकाच घरात नांदत होत्या त्या अशा.

मराठी माणसांत या दोन्ही विद्या एकत्र पाहायच्या तर बडोद्याला जावे लागते. राजरत्न प्रोफेसर माणिकराव तिथल्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे सर्वेसर्वा. कुस्ती, मल्लखांब आणि सांघिक कवायत यांच्यासाठी त्यांचे नाव झाले. हाड बसवण्याच्या कौशल्यासाठीही ते तितकेच प्रसिद्ध होते. त्याच बडोद्यात द. चिं. मजुमदारांनी 1936 पासून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. तोंडी चालत आलेली तालमीतली विद्या एवढ्या विस्ताराने मराठीत छापली गेली, तरी वैद्यकीय महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत तिला जागा मिळाल्याचे दिसत नाही. मिळायला हवी होती.

उसण भरली की पायाळू माणसाची लाथ घ्यायची, ही रीत आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने कंबरेला पाय लावला की उसण जाते. ऐकणारा हसतो. पण वॉल्टर ग्रेगर या पाद्र्याने 1881 मध्ये ईशान्य स्कॉटलंडच्या लोकसमजुती गोळा केल्या, त्यात नेमके हेच आहे: पायाकडून जन्मलेल्या माणसाच्या अंगी मुरगळ, कंबरदुखी आणि संधिवात बरे करण्याची शक्ती असते, तो दुखरी जागा चोळतो किंवा तीवर पाय देतो. कोल्हापूर आणि ॲबर्डीनच्या शेतकऱ्यांची गाठ कधी पडली असेल असे वाटत नाही. आखडलेल्या पाठीवर अचानक, नेमका दाब पडला तर कधी कधी ती सुटते, हे दोन्हीकडच्या लोकांनी आपापले पाहिले असावे, आणि मग त्याला जन्माची कथा चिकटली असावी.

इंग्रजांनी आपला हात तर उचलूनच नेला. पाटण्याचा शेख दीन महंमद ब्रायटनला गेला आणि तिथे औषधी वाफेचे स्नान आणि चंपी यांचे स्नानगृह चालवू लागला. संधिवाताने आखडलेले बडे लोक त्याच्याकडे रांग लावत. 1822 मध्ये त्याने या उपचारावर पुस्तक छापले. चौथ्या जॉर्ज राजाने आणि त्याच्यानंतरच्या चौथ्या विल्यमने त्याला आपल्या सेवेत मानाचे पद दिले.

तरीही विलायतेतल्या डॉक्टरांना खरा धक्का बसला तो त्यांच्याच गावठी हाडवैद्यांमुळे. 1867 मध्ये सर जेम्स पॅजेट या नामांकित शल्यवैद्याने हाडवैद्य कोणते रोगी बरे करतात यावर व्याख्यान दिले. त्याचा रोख सरळ होता: तुमच्यातल्या प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या हाडवैद्याशी स्पर्धा करावी लागणार आहे, तेव्हा त्याचे जे चांगले आहे ते उचला, वाईट टाकून द्या. ते उचलण्याचे काम केले वॉर्टन हूड या तरुण डॉक्टराने. लंडनमध्ये रिचर्ड हटन नावाचा हाडवैद्य होता. हूडच्या वडिलांनी हटनच्या आजारपणात त्याची सेवा केली होती. त्या उपकाराची फेड म्हणून हटनने आपली विद्या शिकवायची तयारी दाखवली. मुलगा जाऊन शिकला, आणि हटन वारल्यावर 1871 मध्ये त्याने सगळे छापून टाकले. गुरूची विद्या चव्हाट्यावर आणली म्हणून आपल्याकडे त्याला शिव्या बसल्या असत्या. वैद्यकाने मात्र त्याचे आभार मानावेत असे ते काम होते.

लिव्हरपूलला याच्या उलट घडले. अँगलसी बेटावरच्या पिढीजात हाडवैद्यांच्या घरातला इव्हान थॉमस तिथे धंदा करी आणि डॉक्टर मंडळी त्याच्यावर पुन्हा पुन्हा खटले भरत. वैतागून त्याने आपल्या मुलांना रीतसर डॉक्टर केले. त्यातला ह्यू ओवेन थॉमस बापाच्या विद्येशी पुरता फटकून वागला. सांधा झटक्याने सोडवण्याऐवजी त्याला सक्तीची, सलग आणि दीर्घ विश्रांती द्या, असे तो म्हणे. मांडीचे हाड मोडल्यावर पाय ताणून धरणारी थॉमस स्प्लिंट ती त्याचीच. त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने पहिल्या महायुद्धात ती आघाडीवर पोहोचवली आणि हजारो सैनिकांचे जीव वाचले. आज अस्थिरोगशास्त्र म्हणून जे ताठ मानेने मिरवते, त्याचा एक आजोबा असा खटल्यात सापडलेला हाडवैद्य होता.

हाडे शल्यवैद्यांनी घेतली. पण न मोडलेल्या हाडांचे काय? मुरगळलेला घोटा, आखडलेली मान, वर न जाणारा खांदा, उठता-बसता कळ मारणारी कंबर. शस्त्रक्रियेजोगे इथे काही नाही म्हणून शल्यवैद्याला त्यात रस नाही, आणि रक्तात काही सापडत नाही म्हणून फिजिशियनलाही नाही. या बेवारस दुखण्यांना लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या जेम्स सिरिॲक्सने शिस्त लावली. सांधा रोग्याने स्वतः हलवून पाहायचा, मग डॉक्टरने सैल सोडलेला सांधा हलवायचा, मग रोग्याला जोर लावायला सांगून तो हाताने अडवायचा. कुठल्या हालचालीत कळ येते त्यावरून स्नायू, कंडरा की सांध्याची पिशवी हे ठरवायचे. 1940 च्या दशकात त्याचे पाठ्यपुस्तक आले. आज जिला मस्क्युलोस्केलेटल मेडिसिन म्हणतात तिचा पाया तोच. आणि हात लावून, अडवून, दाबून पाहण्याचा हा क्रम कुठल्याही जाणत्या वस्तादाला नवा वाटणार नाही.

दुसरा माणूस योनास केलग्रेन. 1938 मध्ये त्याने एक विचित्र प्रयोग केला: स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या स्नायूंत खाऱ्या पाण्याची सुई टोचायची आणि कळ कुठे उमटते ते नकाशावर मांडायचे. कळ टोचलेल्या जागेपासून दूर, भलतीकडेच उठते हे त्याने दाखवले. ढुंगणाच्या स्नायूतली गाठ पायात कळ पाठवते. ‘शीर धरली’ म्हणून लोक जे सांगतात ते पुष्कळदा हेच. हाच केलग्रेन पुढे मँचेस्टरला ब्रिटनमधला संधिवातशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला, आणि गुडघ्याची झीज एक्स-रेवर मोजायची जी श्रेणी आजही डॉक्टर वापरतात, ती 1957 मध्ये त्याने लॉरेन्सबरोबर तयार केली. एकाच माणसाच्या डोक्यात स्नायूची गाठ आणि संधिवात शेजारी शेजारी नांदत होते. त्याच्या वारसांनी मात्र वाटणी केली.

वाटणी होण्याचे कारणही तसेच जबरदस्त होते. 21 सप्टेंबर 1948 रोजी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. 1950 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तोवर संधिवाताचा डॉक्टर म्हणजे गरम पाण्याचे झरे, मालीश, व्यायाम आणि दिलासा. आता त्याच्या हाती औषध आले, पाठोपाठ रक्ताच्या तपासण्या आल्या, 1980 च्या दशकात मेथोट्रेक्सेट रुळले, नंतर जैविक औषधे आली. ब्रिटनमध्ये तर फिजिकल मेडिसिनवाल्यांची संघटनाच 1970 च्या दशकात नाव बदलून संधिवाताची झाली आणि 1984 मध्ये संधिवातशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेत विरून गेली. मालीश, व्यायाम, हात हे सगळे फिजिओथेरपिस्टकडे गेले. आपल्याकडे पोलिओच्या साथीनंतर 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय निघाले, ती शाखा तिथून वेगळीच वाढली.

कॉर्टिसोनची एक पिलावळ आपल्या बाजारातही हिंडते. सांधेदुखीच्या बेनाव पुडीने दोन दिवसांत आराम पडला तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. मग चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि पुडी बंद केली की दुखणे दुप्पट जोराने परत येते. आणखी एक सांगून टाकतो, कोल्हापुरात ते सांगायलाच हवे: सांधे दुखले की पायाचे सूप प्यावे हा सल्ला सरसकट देऊ नये. अंगठ्याचा सांधा रात्रीत लालभडक होणाऱ्या माणसाच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेले असते. त्याला मटणाचा भुर्का आणि कलेजी-गुर्दे बाधतात.

आमवात वेगळा आणि मार लागून दुखणे वेगळे, हे आपल्याकडे फार आधी ओळखले गेले होते. माधवनिदानात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे. पोटात न पचलेला आम सांध्यांत जाऊन बसतो, अनेक सांधे सुजतात, विंचू डसल्यासारखे दुखते, ताप येतो, भूक मरते. कारणमीमांसा आज पटणार नाही. पण हे सगळ्या शरीराचे दुखणे आहे, एका सांध्याचे नाही, ही पारख अचूक आहे. बडोद्याच्या आखाड्यात हाड बसवणारा हात या प्रकरणापर्यंत कधी पोहोचला नाही. कोल्हापुरातलाही नाही.

किती लोकांना काय दुखते हे महाराष्ट्रात मोजले गेले ते पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला. 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमात तिथे घरोघर पाहणी सुरू केली. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवले. माणसाच्या आकृतीचा कागद पुढे ठेवायचा, दुखते ती जागा दाखवायला सांगायची. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे 18 टक्के लोकांना काही ना काही हाडा-स्नायूंचे दुखणे होते. खरा आमवात हजारी पाचांच्या आसपास. उरलेल्यांपैकी बहुतेकांचे झिजलेले गुडघे, कंडरा आणि स्नायूंची दुखणी, आणि ज्याला नाव देता येत नाही अशी अंगदुखी. याचा अर्थ संधिवाततज्ज्ञाच्या दारात जे येतात त्यांतल्या बऱ्याच जणांचे दुखणे त्याच्या रक्तचाचणीत दिसणारच नाही. रिपोर्ट कोरा आला की ‘काही नाही, नॉर्मल आहे’ म्हणून त्याला परत पाठवणे हे निदान नव्हे. त्या माणसाचा खांदा अडवून, दाबून, फिरवून पाहणे हे निदान. संधिवाततज्ज्ञाला मस्क्युलोस्केलेटल मेडिसिन कशाला हवे, याचे भिगवणने दिलेले उत्तर हे.

उलट दिशेची चूक मात्र जास्त महाग पडते, आणि ती तालमीत होते. समजा, बावीस वर्षांचा पोरगा आहे. कंबर दुखते. वस्ताद म्हणतो उसण भरली, लेप लावतो, रगडतो. पोरगा सांगतो की पहाटे उठताना कंबर लाकडासारखी ताठ असते, तासभर सरळ होत नाही, उत्तररात्री दुखण्याने जाग येते. पण जोर-बैठका मारल्या की अंग मोकळे होते. वस्तादाला वाटते, बघा, मेहनतीने गेले. दुखणे परत येते, परत मेहनत, परत मोकळे. असे काही वर्षे चालते.

ही उसण नाही. मार लागलेली, लचकलेली कंबर विश्रांतीने बरी होते आणि कामाने बिघडते. या पोराचे नेमके उलटे आहे. हे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचे लक्षण. मणक्यांच्या सांध्यांचा दाह, जो पुढे मणके एकमेकांना जोडून बांबूसारखा ताठ कणा करतो. तो तरुणपणीच लागतो. 1973 मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवले की या रोग्यांपैकी बहुतेकांत एचएलए-बी27 हे जनुक असते. व्यायामाने त्यात आराम पडतो, म्हणून तो आजच्या उपचाराचा भागच आहे. तालमीने नकळत अर्धा उपचार केला आणि त्याच आरामाने रोग लपवला. कुस्ती नसलेल्या गावात हाच पोरगा कदाचित लवकर डॉक्टरकडे गेला असता.

त्यातला धोकाही सांगायला हवा. जुळत चाललेला कणा ताठ असतो आणि आतून ठिसूळ. अशा मानेला कुणी झटका देऊन कडकडा वाजवली तर मणका मोडून हातपाय लुळे पडू शकतात. सुतावरून स्वर्ग गाठू नये. पण विशी-तिशीतला माणूस, तीन महिन्यांवर चाललेली कंबरदुखी, सकाळचा आखडपणा आणि हालचालीने आराम, एवढे जमले की मानेला हात लावण्याआधी रक्त आणि एमआरआय पाहिलेले बरे.

के. डी. जाधवांचा गुडघा दाहाच्या या यादीत बसत नाही; ती दुखापत. राजाराम कॉलेजात शिकलेला, खर्डेकर प्राचार्यांच्या मदतीने हेलसिंकीला गेलेला आणि 1952 मध्ये कांस्यपदक आणलेला हा गोळेश्वरचा मल्ल. गुडघ्याच्या दुखापतीने 1956 ची त्याची ऑलिंपिक हुकवली. आतल्या अस्थिबंधाची दुरुस्ती आज दुर्बिणीतून होते, तेव्हा तशी सोय नव्हती. पण त्या गुडघ्यावरून एक विचार सुचतो. दुखापत आणि दाह या गोष्टी आपण समजतो तेवढ्या वेगळ्या नाहीत.

कंडरा जिथे हाडात शिरते ती जागा पाहा. टाचेचा मागचा भाग, गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा, कोपराची बाहेरची बाजू. 1998 मध्ये लीड्सच्या मॅकगोनॅगल आणि सहकाऱ्यांनी मांडले की स्पॉन्डिलायटिसच्या कुळातल्या रोगांत दाह सांध्याच्या पोकळीत नाही, या बांधाच्या जागी सुरू होतो. मग 2014 मध्ये बेल्जियममधल्या गेंटच्या प्रयोगशाळेत, हा रोग होणाऱ्या उंदरांचे मागचे पाय जमिनीला टेकू न देता त्यांना शेपटीने अधांतरी ठेवले. ज्या टाचांवर भार पडला नाही, त्यांचा दाह दबला. म्हणजे जनुक आणि प्रतिकारशक्ती रोग आणतात, पण तो कुठे पेटायचा हे ठरवण्यात भाराचा वाटा असतो. अंगमेहनतीत सर्वांत जास्त ओढ पडते ती याच जागांवर.

आता संधिवाततज्ज्ञ टाचेवर सोनोग्राफीची कांडी टेकवतो आणि कंडरेची जाडी, तिच्यात वाढलेले रक्त डोळ्यांनी पाहतो. सिरिॲक्स बोटांनी जे शोधत होता ते पडद्यावर येते. पण कांडी कुठे टेकवायची हे सांगायला आधी बोट लागते. दोन टाचांपैकी कुठली जास्त दुखते, दाबल्यावर की उडी मारल्यावर, सकाळी की मेहनतीनंतर, हे रोग्याला विचारावे लागते. आणि त्या पोराला बैठका सुरू ठेव म्हणायचे की मानेवर भार घेणे बंद कर म्हणायचे, टाच सुजली असेल तर दोरीवरच्या उड्या किती आठवडे थांबवायच्या, औषध सुरू झाल्यावर मातीत परत कधी उतरवायचे, याची उत्तरे दवाखान्यात एकट्याला देता येत नाहीत. हौद्यात नेमके काय काय होते ते वस्तादाने सांगितले, तरच ती देता येतात.